क्रेडिट पॉइंटची वही : खान्देशात नव्याने प्रॅक्टिस सुरू करणाऱ्या डॉक्टरांसाठी

एमबीबीएस झालं, इंटर्नशिप झाली, महाराष्ट्र वैद्यक परिषदेचं (एमएमसी, म्हणजे आपलं कौन्सिल) रजिस्ट्रेशन हातात पडलं, की तो कागद फ्रेम होऊन दवाखान्याच्या भिंतीवर गणपतीच्या फोटोशेजारी लागतो. पुढची तीनचार वर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. मग मुदत संपत आली की फोन सुरू होतात. "सर, या महिन्यात जळगावला कुठे सीएमई आहे का? सहा पॉइंट कमी पडताहेत." सीएमई म्हणजे डॉक्टरांच्या चालू शिक्षणाचे कार्यक्रम; तिथे मिळालेल्या क्रेडिट पॉइंटांवरच रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण होतं. वर्षाला असे दोनतीन फोन मला येतात. नावं ठेवायला मला तोंड नाही, कारण एके वर्षी असाच फोन मीही केला होता. धुळ्याच्या एका सीनियरला, रात्री साडेदहाला.

मी चोपड्याला जनरल प्रॅक्टिस करतो. माझा अनुभव असा, की तालुक्याच्या गावी बसूनही पॉइंट मिळवणं जमतं, मिळवलेले सांभाळणं जमत नाही. सर्टिफिकेट हातात आलं म्हणजे पॉइंट कौन्सिलच्या खात्यात पडलाच, असं नव्या माणसाला वाटतं. तसं नसतं. हात आणि खातं यांच्यामध्ये एक फट असते आणि आपले पॉइंट त्या फटीत पडतात. खाली जे सांगतोय ते बहुतेक त्या फटीबद्दल आहे.

पहिलं काम : आपली तारीख शोधा

महाराष्ट्रात रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट लागतात. हा ३० चा आकडा कौन्सिलने हवेतून काढलेला नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारसंहितेतच लिहिलंय, की डॉक्टरने पाच वर्षांत किमान ३० तास अशा शैक्षणिक कार्यक्रमांना हजर राहावं आणि तसं परिषदेला कळवावं. पुढे २०२० मध्ये जुनी परिषद जाऊन राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवी नियमावली काढली आणि त्याच महिन्यात ती स्थगितही केली. तिची पीडीएफ व्हॉट्सॲपवर अजून फिरत असते. कुणी पाठवली तर घाबरू नका आणि पुढे ढकलूही नका.

हिशेब चौथीतल्या मुलाला यावा असा आहे. पाच वर्षांत तीस, वर्षाला सहा, दोन महिन्यांत एक. घोळ होतो तो 'वर्ष' या शब्दाचा. हे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही आणि मार्चएंडला संपत नाही. ते तुमचं स्वतःचं असतं, तुमच्या रजिस्ट्रेशनच्या मुदतीवरून मोजायचं. नवराबायको दोघंही डॉक्टर असाल तर दोघांच्या तारखा वेगळ्या असणार. एका ओळखीच्या जोडप्याने "आपलं दोघांचं बरोबरच आहे" असं धरून चालवलं होतं. नवऱ्याची मुदत त्याला कळायच्या आधीच सरली.

आजच रजिस्ट्रेशनचा कागद भिंतीवरून उतरवा. मुदतीची तारीख बघा, मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि तिच्या आधीच्या एक वर्षाला आणि सहा महिन्यांना आठवण लावा. धूळ पुसून फ्रेम परत लावा.

दुसरं : नाव आणि नंबर, जसाच्या तसा

खान्देशात ही पायरी फार जपून करावी लागते. आपल्याकडच्या सीएमईत "पाटील" अशी हाक मारली तर निम्म्या माना वळतात. उरलेल्यांत चौधरी आणि महाजन. मीही पाटीलच. एकदा उशीर झाला म्हणून हजेरीपत्रकावर घाईघाईत 'डॉ. आर. पाटील, चोपडा' अशी सही ठोकली. त्या कागदावर त्या दिवशी आर. पाटील तिघं होतो, त्यातले दोघं चोपड्याचे. ते पॉइंट कुणाच्या खात्यात गेले ते देव जाणे. माझ्या नाही एवढं नक्की.

त्या दिवसापासून बॅगेत स्टेथोस्कोपशेजारी रबरी शिक्का असतो. तोच, जो आपण सिकनेस सर्टिफिकेटवर मारतो. पूर्ण नाव, रजिस्ट्रेशन नंबर, सगळं त्याच्यावर असतंच, कारण प्रिस्क्रिप्शनवर, दाखल्यावर आणि पैशाच्या पावतीवर नंबर असलाच पाहिजे असं तीच २००२ ची संहिता सांगते. हजेरीपत्रकावर सही करतो आणि शेजारी शिक्का मारतो. नोंदणीच्या टेबलावरची पोरं पहिल्यांदा हसली. "सर, हे काय दवाखान्याचं रजिस्टर आहे का?" हसू द्या. शिक्क्याचं अक्षर नंतर टाइप करणाऱ्याला वाचता येतं, आपलं येत नाही.

नंबर लिहिताना पूर्ण लिहा. आताच्या रजिस्ट्रेशनला वर्ष, महिना आणि क्रमांक असे तिरप्या रेघांनी जोडलेले तीन भाग असतात. बरेच जण आळसाने फक्त शेवटचा क्रमांक लिहितात. अशा अर्धवट नंबरावरून तुम्हाला शोधायचं कुणी आणि कसं?

लग्न झालेल्या डॉक्टर बहिणींसाठी एक जादा सूचना. कौन्सिलच्या रजिस्टरवर माहेरचं नाव असेल तर सीएमईतही तेच लिहा, दवाखान्याच्या बोर्डावर काहीही असो. सासरचं नाव लावायचं असेल तर ते आधी कौन्सिलकडे बदलून घ्या, मग सगळीकडे वापरा. रजिस्टरवर एक, सर्टिफिकेटवर दुसरं आणि आधारवर तिसरं, अशी तीन तोंडं झाली की पुढे प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं.

तिसरं : गाडी काढण्याआधी विचारा

चोपड्याहून जळगाव म्हणजे तापी ओलांडून चांगला दीड तास. धडगाव किंवा मोलगीच्या माणसाला तर नंदुरबार गाठायलाच घाट उतरावा लागतो. रविवार जातो, पेट्रोल जातं, डेलिगेट फी जाते. म्हणून निघण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: "एमएमसीचे किती पॉइंट मंजूर आहेत?"

याची उत्तरं तीन प्रकारची येतात. "दोन मंजूर आहेत, पत्रिकेवर छापलंय." हे खरं उत्तर. "अप्लाय केलंय, येतील." हे अर्धं, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी परत विचारा. आणि "अरे, मिळतील रे, तू ये तर!" याचा अर्थ नाहीत असा घ्या. मित्र म्हणून जायचं तर जरूर जा.

पॉइंट द्यायचा अधिकार हॉटेलच्या भव्यतेला किंवा वक्त्याच्या नावाला नसतो. आयोजक संस्थेला कौन्सिलची मान्यता हवी आणि त्या विशिष्ट कार्यक्रमाला पॉइंट मंजूर हवेत. आयएमएच्या (डॉक्टरांच्या संघटनेच्या) शाखा, बालरोगतज्ज्ञांच्या किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटना, जळगाव-धुळे-नंदुरबारची वैद्यकीय महाविद्यालयं, असे नेहमीचे आयोजक असले तरी प्रत्येक कार्यक्रमाचं वेगळं विचारायचं. त्याच संस्थेच्या गेल्या महिन्याच्या कार्यक्रमाला पॉइंट होते म्हणून याही वेळी असतील, असं नाही.

ऑनलाइनचंही तेच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रोज संध्याकाळी वेबिनार असायचे आणि शेवटचं भाषण संपायच्या आत सोनेरी महिरपीचं ई-सर्टिफिकेट मेलवर येऊन पडायचं. माझ्याकडे अशी एकोणीस आहेत. त्यातल्या बहुतेकांवर पॉइंटचा उल्लेखच नाही. शिकलो खूप, पण मोजायला गेलं तर शून्य.

सीमेवरच्या मंडळींनी आणखी सावध राहायचं. नंदुरबारकरांना सुरत जवळ, शिरपूरकरांना इंदूर बरं पडतं. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, पण आपलं रजिस्ट्रेशन तसं अर्धं-अर्धं होत नाही. दुसऱ्या राज्याच्या कौन्सिलचे पॉइंट असतील तर जाण्याआधी आपल्या कौन्सिलला मेल टाकून लेखी विचारून घ्या आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

वार आणि हंगामही बघायचा. सीएमई बहुतेक रविवारी असतात आणि आमचं वर्ष काही सरळ जात नाही. मे महिन्यात ४५ अंशांत आणि लग्नसराईत कुणी घराबाहेर पडत नाही, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तर नाहीच. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई या देवीचा सण असतो, त्या दिवशी घरातून निघालात तर पॉइंट मिळतील पण प्रसादाचा रोट मिळणार नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर तापाची साथ, ओपीडी सोडता येत नाही. राहता राहिले डिसेंबर ते फेब्रुवारी. वर्षाच्या सहापैकी चार पॉइंट मी या तीन महिन्यांत उरकतो.

हॉलमध्ये

इथे सांगण्यासारखं थोडंच. वेळेवर जा, कारण कौन्सिलचा ऑब्झर्व्हर बसलेला असतो. सकाळी सही करून गायब होणारे आणि जेवणाला उगवणारे त्याला ओळखू येतात. हिवाळ्यात जेवणाला भरीत आणि कळण्याची पुरी असते, त्यामुळे जेवणानंतरच्या सत्रात अर्धा हॉल पेंगतो. तिथेही बसा. शेवटी सर्टिफिकेट घेताना टेबलावरच उभं राहून चार गोष्टी वाचा: नाव, नंबर, तारीख, पॉइंट. चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. घरी येऊन सापडलेली चूक दुरुस्त व्हायला महिने लागतात.

डेलिगेट फीची पावतीही मागा. खासगी प्रॅक्टिस असेल तर तो व्यवसायाचा खर्च आहे, तुमचे सीए मागतील. मशिनमधून निघणाऱ्या गुळगुळीत कागदाची पावती असेल तर त्याच दिवशी तिचा फोटो काढा. आपल्या उन्हाळ्यात गाडीच्या कप्प्यात ठेवलेली अशी पावती दोन महिन्यांत कोरी होते.

चौथं, आणि सगळ्यात महत्त्वाचं : त्याच रात्री वही

कंप्युटरवर एक्सेल शीट करा, मोबाइलमध्ये ॲप ठेवा, हरकत नाही. मी लांब पानांची साधी वही वापरतो, कारण ती दवाखान्याच्या ड्रॉवरमध्ये असते आणि तिचा पासवर्ड विसरत नाही. एका कार्यक्रमाला एक ओळ. तारीख, विषय, आयोजक, गाव, मंजूर पॉइंट, आयोजकांपैकी एकाचा मोबाइल नंबर. आणि शेवटी दोन रकाने. त्यांची नावं मी 'हातात' आणि 'खात्यात' अशी ठेवली आहेत.

सर्टिफिकेट मिळालं की 'हातात'समोर बरोबरची खूण. कौन्सिलच्या वेबसाइटवर आपल्या लॉगिनमध्ये तो पॉइंट डोळ्यांनी दिसला की 'खात्यात'समोर खूण, तारखेसह. बेरीज करायची ती फक्त 'खात्यात'च्या रकान्याची.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. पूर्वी मी फाइलमध्ये सर्टिफिकेटं ठेवायचो आणि मनात बेरीज करायचो. एका रिन्यूअलच्या वर्षी फाइलीत तेहतीस निघाले, म्हटलं चला, तीन जादाच आहेत. खातं उघडलं तर सव्वीस. सात पॉइंट कुठे गेले ते शोधायला बसलो. एका कार्यक्रमाची यादी आयोजकांकडून वर गेलीच नव्हती. दुसऱ्यात माझा नंबर एका आकड्याने चुकला होता. पहिल्या कार्यक्रमाला तीन वर्षं उलटली होती. तेव्हाचे सेक्रेटरी मुलाकडे अमेरिकेत, नंतरचे म्हणाले माझ्याकडे चार्जमध्ये हे कागद आलेच नाहीत. धुळ्याला रात्री साडेदहाला फोन केला तो त्याच दिवशी.

म्हणून नियम असा. कार्यक्रमानंतर महिन्याभराने खातं उघडायचं. पॉइंट दिसला नाही तर त्याच दिवशी आयोजकांना मेसेज करायचा. शाखांचे पदाधिकारी साधारण वर्षाला बदलतात, त्यामुळे तुमच्या हातात तेवढाच वेळ असतो. मेसेज भांडल्यासारखा नको आणि नुसता "सर पॉइंट आले नाहीत" असाही नको. मी असा लिहितो:

"नमस्कार सर. मी डॉ. अमुक, रजिस्ट्रेशन नंबर अमुक. अमुक तारखेच्या आपल्या सीएमईला हजर होतो. सर्टिफिकेटचा फोटो सोबत जोडला आहे. माझे दोन पॉइंट अजून एमएमसीच्या खात्यात दिसत नाहीत. यादीत नाव-नंबर तपासून कळवाल का? आठवड्याने पुन्हा आठवण करतो."

शेवटचं वाक्य गाळू नका. आणि आठवड्याने खरंच आठवण करा.

सर्टिफिकेट मोबाइलवर स्कॅन करून ठेवताना फाइलला 'स्कॅन ००४७' असं नाव राहू देऊ नका. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, विषय, पॉइंट: '२०२४-१२-०८-सर्पदंश-२'. असं लिहिलं की फाइली आपोआप तारखेप्रमाणे लागतात आणि पाच वर्षांनी शोधाशोध होत नाही. एक प्रत ईमेलवर स्वतःलाच पाठवा. मूळ कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. आंतररुग्णांचे कागद तीन वर्षं जपायचा नियम आहे, स्वतःचे निदान रिन्यूअल हातात पडून पुढचं वर्ष होईपर्यंत तरी जपा.

कोणत्या सीएमईला जायचं

नवे डॉक्टर विचारतात, "सर, पॉइंट कशात जास्त आहेत?" मी उलट विचारतो, "गेल्या महिन्यात कोणत्या पेशंटला बघून घाम फुटला?" उत्तर येईल त्या विषयाला जा. तीस तास बसायचंच आहे तर आपल्या ओपीडीच्या कामाचं ऐकावं.

आपल्या भागातली यादी मोठी नाही. सातपुड्याच्या पायथ्याला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०४७ चं उद्दिष्ट ठेवलंय, त्यामुळे या विषयावर कार्यक्रम होत राहतात. कपाशीच्या फवारणीत झालेली विषबाधा आहे. उष्माघात आहे. आणि सर्पदंश.

सर्पदंशाच्या एका सीएमईत वक्त्यांनी २० मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीवर दहा मिनिटं घालवली. रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग एकदाच तिरपी करून बघायचं. गुठळी नसेल तर घोणशीसारख्या सापाचं विष चढलंय. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकच्या नळीत निकाल फसवा येतो. मी ऐकत होतो आणि मला माझ्या दवाखान्याचं कपाट दिसत होतं: सगळ्या नळ्या प्लास्टिकच्या. सोमवारी सकाळी जळगावहून काचेच्या मागवल्या. त्याच पावसाळ्यात एका शेतमजूर बाईला आणलं, पायावर दोन ठिपके, सूज थोडीच, नवरा म्हणे काटा लागला असेल. नळी तिरपी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. सलाइन लावून, पहिली लस चालू करून तिला पुढे पाठवलं. ती परत चालत आली, नातीला घेऊन. त्या ओळीसमोर वहीत 'पॉइंट २' एवढंच लिहिलेलं आहे.

औषध कंपन्यांबद्दल थोडं

एमआर (कंपनीचा प्रतिनिधी) येतो, म्हणतो, "सर, गोव्याला कॉन्फरन्स आहे, तिकीट-हॉटेल आमच्याकडे." २००९ सालच्या दुरुस्तीने आचारसंहितेत स्पष्ट आलंय, की डॉक्टरने औषध कंपनीकडून भेटवस्तू, प्रवास किंवा पाहुणचार घ्यायचा नाही, कॉन्फरन्सच्या नावाखाली सुद्धा नाही. आपली फी आपण भरा. वर सांगितलेली पावती इथेही कामाला येते: उद्या कुणी विचारलं तर पैसे कुणाचे होते ते ती सांगते.

पीएचसीवरच्या (प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या) मेडिकल ऑफिसरांसाठी

सरकारी सेवेच्या बाँडवर दुर्गम भागात असाल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी लेखी घ्या आणि मागे कोण बघणार ते ठरवून निघा. आमच्याकडे बॅग घेऊन बसस्टँडवर उभे राहिलात की पेशंटच अडवतात, "डॉक्टरसाहेब, कथा जाई ऱ्हायनात?" (कुठे चाललात?) दुसरं, खात्याची प्रशिक्षणं भरपूर होतात, पण प्रशिक्षण झालं म्हणजे कौन्सिलचा पॉइंट मिळालाच, असं धरू नका. आदेशात किंवा पत्रिकेत पॉइंटचा उल्लेख असेल तरच ओळ वहीत.

शेवटचं वर्ष

चौथं वर्ष संपताना 'खात्यात'ची बेरीज चोवीसच्या खाली असेल तर येणारा हिवाळा हातचा घालवू नका. लक्ष्य तीसचं ठेवू नका, छत्तीसचं ठेवा. एखाददुसरी यादी अडकतेच. मुदतीच्या सहा महिने आधी खात्यातलं नाव, पत्ता, मोबाइल, ईमेल तपासा. कॉलेजच्या वेळचा मोबाइल नंबर बदललेला असतो, ओटीपी भलत्याच माणसाला जातो आणि आपण वेबसाइटला शिव्या देतो.

कौन्सिलचं कार्यालय मुंबईत चिंचपोकळीला आहे, साने गुरुजी मार्गावर. मी एकदा गेलो तेव्हा पाटी वाचून बरं वाटलं, आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिकवलेल्या गुरुजींचा रस्ता. पण वही नीट असेल तर तिथवर जायची वेळ सहसा येत नाही.

माझ्या चालू वहीत सध्या एक ओळ उघडी आहे. दोन पॉइंट, 'हातात' खूण आहे, 'खात्यात' नाही. सेक्रेटरींना दोन मेसेज झाले, दोन्हींवर निळ्या खुणा. येत्या रविवारी भरताच्या पार्टीला समोरासमोर भेटणारच आहेत, शिक्का बरोबर नेतोय.